यादी, वीजबिलाच्या पाठीवर

उत्तरायण उलटून आठवडा झालाय.
दांडिया बाजारातल्या तारांवर अजून फाटके पतंग,
आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर जांबुघोडा:
जंगल, टेकड्या, तळ्याचं पाणी,
सगळं एका वीजबिलाच्या पाठीवर
माझ्या गिचमिड अक्षरात.

तंबू हर्षवर्धन शिर्केच्या मेव्हण्याचा.
रविवारी गच्चीत उभारून पाहिला
तर कुठूनसा उरलेला मांजा आला
आणि कोपऱ्यात बोटभर चीर पाडून गेला.
पाण्याच्या टाकीआडून भार्गवभाई म्हणाले,
"बेन, आतून आकाश दिसलं की पैसे वसूल!"
उत्पल हसली नाही.
उत्पल मोबाइलमध्ये थंडी बघत होती,
रात्री अकरा, पहाटे नऊ.
तिला अस्वलांचीही काळजी.
जंगलखात्याच्या कचेरीत तिनं तीनदा फोन केला.
तिसऱ्यांदा तिकडचे साहेब वैतागून म्हणाले,
अस्वल येईल न येईल, माकडं मात्र नक्की येतील,
डबे सांभाळा.

म्हणून यादीत सात नंबरला
घट्ट झाकणाचे डबे.
आठला लीला चिवडा, पाव किलो.
पाव खोडून अर्धा.
अर्धा खोडून पुन्हा पाव.

आई हे सगळं ऐकत होती, मेथी निवडत.
सदतीस वर्षं बँकेत कॅशच्या खिडकीमागे बसलेली बाई,
चुकलेली बेरीज तिला वासावरून कळते.
"पेट्रोल दोनदा धरलंयस," एवढंच म्हणाली.
बऱ्याच वेळानं, देठं वेगळी करता करता,
"तिथं रात्री अंधार किती असतो गं?"
खूप, मी म्हटलं.
"खूप म्हणजे किती?"
हात दिसत नाही इतका.
तिनं आपला हात उलटा-सुलटा करून पाहिला,
मेथीनं हिरवट झालेला.

मंगळवारी सूरसागराच्या कठड्यावर
आम्ही तिघं तंबूच्या जागेवरून भांडलो.
हर्षवर्धनला टेकडीची उगवती बाजू हवी,
ऊन लवकर येतं म्हणून.
उत्पलला पाण्यापासून दोनशे पावलं,
तीही तिचीच पावलं, त्याची नव्हेत.
सेव-उसळ गार झाली.
समोर तळ्यात दिव्यांचे लांबच लांब पट्टे हलत होते.
या पाण्याला शहरानं
किती वर्षं डोळा लागू दिलेला नाही.

घरी येऊन यादी काढली.
बारा, काडेपेट्या दोन.
तेरा, नायलॉनची दोरी.
चौदा, काळ्या शाईत,
नोटांच्या पुडक्यावर आकडा टाकावा तसं रेखीव:
मी. गुडघ्याचा पट्टा माझा मी घेईन.

यादी मी दोनदा वाचली.
मग हर्षवर्धनला फोन लावला,
गाडीतून घडीच्या खुर्च्या काढ.
"दोन्ही?"
एक राहू दे.
"आणि गिटार?"
गिटार तुला वाजवता येत नाही, हर्षा.

रात्री दोनला पाणी प्यायला उठले
तर आईच्या पलंगावर नुसती रजई.
बाल्कनीत बघितलं.
तिथं रस्त्यावरचा दिवा, समोरच्या पेढीची निळी पाटी,
एक कुत्रं, तेही स्पष्ट दिसणारं.
ती कोठीच्या खोलीत सापडली, दार लावून,
तांदळाच्या पिंपावर, शाल पांघरून, ताठ बसलेली.
काय करतेयस?
"बघतेय किती वेळ जमतं ते.
वीसेक मिनिटं झाली होती. तू आलीस आणि मोडलं."

मी गव्हाच्या पोत्यावर टेकले.
हिंगाचा वास, घुशीची कुठंतरी खुडखुड.
"दार लोट," ती म्हणाली,
"उजेड येतोय."